कुरवंड्यात रेंज फुल्ल होती

ही गोष्ट खरी आहे.

हे वाक्य या पेजवर प्रत्येक जण लिहितो. मग पैंजण वाजतात, पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते, आणि खाली शेकडो लोक 'बापरे' लिहून झोपायला जातात.

माझ्या गोष्टीत पैंजण नाहीत. वडाचं झाड नाही. अमावस्या नव्हती. रात्रही नव्हती.

रविवार होता. भर दुपार. गेल्या ऑगस्टमधली. गाव कुरवंडे, लोणावळ्याच्या वरचं, नागफणीच्या कड्याच्या वाटेवरचं.

ज्याला एवढ्यात मजा येणार नसेल त्यानं पुढची पोस्ट बघावी. तिथे असेल बाई, लिफ्ट मागणारी.

मी अनघा. मावळातल्या कान्ह्याची. एका मोबाईल कंपनीत नेटवर्क इंजिनिअर आहे. कंपनीचं नाव सांगणार नाही. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देवांचे टाक, अंगारे, भगताचे दोरे, सगळं टोपलीत घालून इंद्रायणीत सोडलं. भुतंही त्याच टोपलीतून गेली. त्यामुळे 'मला भूत दिसलं' म्हणणाऱ्या माणसाकडे मी आयुष्यभर एकाच नजरेनं बघत आले. आता तुम्ही माझ्याकडे बघताय, त्याच नजरेनं.

बघा खुशाल.

आधी थोडं टॉवरचं सांगावं लागेल. घाबरू नका. एसटीत बसला असाल तर कळेल.

टॉवरकडे चॅनेल असतात, ठरावीक. त्यांच्यावरूनच बोलणं जातं आणि त्यांच्यावरूनच डेटा. त्यातले काही बोलण्यासाठी राखीव. ते रिकामे असतील तर डेटानं तिथे बसायला हरकत नाही. पण बोलणारा आला की डेटानं उठायचं. राखीव सीटचा नियम असतो ना, तोच.

सुरज आमचा साहेब. त्यानं हा नियम काढून टाकला.

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी नागफणीला जत्रा लोटते. माणसं धबधबा बघत नाहीत, धबधब्याकडे पाठ करून स्वतःला बघतात. त्यांच्या तक्रारी यायच्या. रील अपलोड होत नाही. लाईव्ह अडकतंय. सुरजनं पुण्यात एसीत बसून हुकूम काढला, की सुट्टीच्या दिवशी कुरवंड्याचे राखीव चॅनेलही डेटाला द्यायचे. आणि डेटा एकदा बसला की बसला. बोलणाऱ्यानं उभं राहायचं. नाहीतर उतरायचं.

मी म्हटलं होतं, "सर, गावात अजून बटणाचे फोन आहेत. त्यांचे कॉल लागणार नाहीत."

तो हसला.

"अनघा, आजकाल कॉल करतं कोण?"

कंपनीनं त्याला काचेची ट्रॉफी दिली. टाळ्या वाजल्या. मीसुद्धा वाजवल्या, सगळे वाजवत होते म्हणून.

ऑगस्टमध्ये मात्र उलटंच सुरू झालं. रविवारी दुपारी कुरवंड्याचा डेटा मरायचा. सगळाच्या सगळा. तासभर टॉवर मुका. मग आपोआप चालू.

सुरज म्हणाला, "काहीतरी डेटा खातंय तिथे. जाऊन बघ."

मी गेले.

धुकं इतकं की गाडीच्या पुढे गाडी दिसत नव्हती. त्या धुक्यात स्पीकरवर गाणी चाललेली. कुरकुऱ्यांची पाकिटं, बाटल्या, चिखलात पांढरे बूट. एक जण उघड्या अंगानं गाडीच्या टपावर नाचत होता, त्याची बायको शूटिंग करत होती. यांच्या सोयीसाठी आम्ही गावाचं तोंड बंद केलं होतं.

टॉवर गावाच्या टोकाला आहे. त्याच्या मागे गवताचा उतार आणि उतार संपला की कडा. मी टॉवरखालच्या पेटीला लॅपटॉप जोडला आणि बसून राहिले.

सगळं ठीक होतं. डेटा वाहत होता.

मग...

बाहेरची गाणी थांबली.

एकामागून एक. मोबाईलवरची होती ना, अडकली. "अरे यार, नेट गेलं!" असा ओरडा धुक्यात चारी बाजूंनी उठला.

मी स्क्रीनकडे बघितलं.

एका चॅनेलवर बोलणं चालू झालं होतं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. सुरजच्या नियमानं बोलण्याला जागाच मिळायला नको होती. इथे बोलणं डेटाची मानगूट धरून त्याला बाहेर काढत होतं.

आणि प्रत्येक चॅनेलवर... एकच नंबर.

एक फोन एका वेळी एकच चॅनेल घेतो. हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. मी पेटी बंद करून परत चालू केली. पुन्हा तेच. तोच नंबर, वरपासून खालपर्यंत.

मी माझ्या दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून तो नंबर फिरवला.

'आपण डायल केलेला नंबर बंद आहे.'

बंद आहे... आणि टॉवरभर बोलतोय.

नंबर कुणाचा ते गावात विचारावं म्हणून मी रस्त्यापर्यंत आले. तिथे मक्याच्या कणसांची एक टपरी होती. टपरीशेजारी खांबाला पत्र्याची पाटी बांधलेली. हातानं रंगवलेली.

'नागफणी दाखवणार. गाईड सीताराम.'

खाली नंबर.

तोच.

टपरीवर एक म्हातारे गृहस्थ निखाऱ्यांना वारा घालत होते. दत्तोबा त्यांचं नाव. मी विचारलं, "आबा, हे सीताराम कुठे भेटतील?"

त्यांचा हात थांबला.

"कशापायी इचारता?"

"त्यांच्या फोनचं काम होतं."

"सीताराम न्हाई आता," ते म्हणाले. "जुलैमदी गेला. हितंच, ह्या कड्याखाली."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

एका रविवारी पुण्याचा एक कंपू आला होता. त्यांच्यातल्या एका मुलीचा मोबाईल सेल्फी काढताना कड्यावरून निसटला आणि खालच्या झुडपात अडकला. मुलगी रडायला लागली. सीताराम गेला खाली. मोबाईल काढला, वर फेकून दिला, झेलला त्यांनी. आणि वर चढताना त्याचा पाय सुटला.

तो खालच्या कपारीवर पडला. मांडी मोडली. जिवंत होता. ओरडत होता.

"मग त्यांनी काय केलं?" मी विचारलं.

"शूटिंग केलं," दत्तोबा म्हणाले. "धुकं भरून आलं तसं गाडीत बसून गेले. म्हनले, गावात कुनालातरी सांगतो. कुनाला सांगितलं, देव जानं."

व्हिडिओ मात्र तिथूनच टाकला त्यांनी. उभ्या उभ्या. लगेच गेला. रेंज फुल्ल होती ना.

सीतारामकडे बटणाचा फोन होता. त्यालाही रेंज फुल्लच दिसत असणार. त्यानं घरी लावला, बायकोला. माणूस मरताना हेल्पलाईन आठवत नाही, घर आठवतं. घर त्या कड्यापासून हाकेच्या अंतरावर होतं, पण त्या वाऱ्यात हाक पोचत नव्हती. फोन लागला नाही. परत लावला. परत नाही. बोलण्याच्या सीटवर लोकांचे धबधबे बसले होते आणि ते उठणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सापडला. रक्त जाऊन गेलेला. फोन कानाला धरलेला.

"त्याची बायको?"

"सरू. ती काय, त्या घरात." दत्तोबांनी धुक्यात बोट दाखवलं. मग हळूच म्हणाले, "रविवारी तिच्याकडं कुनी जात न्हाई, पोरी. दुपारचं तर न्हाईच."

मी गेले.

मी म्हटलं ना, माझ्याकडची भुतं इंद्रायणीत गेली होती.

सरुबाई ओट्यावर बसल्या होत्या. चाळिशीच्या, काटक, कपाळ मोकळं. मांडीवर एक फोन ठेवलेला. मी टॉवरची आहे म्हटल्यावर त्या उठल्या. आत जाऊन फळीवरचा दुसरा फोन आणून माझ्या हातात दिला. सीतारामचा. काच फुटलेली. मागचं झाकण नाही. आत बॅटरीही नाही.

"बॅटरी कुठेय, मावशी?"

"त्येंला वर काढताना कपारीत पडली आसंल. कुनी शोधली न्हाई."

तेवढ्यात...

त्यांचा स्वतःचा फोन वाजला.

सरुबाईंनी तो घाईनं उचलला नाही. पदरानं पुसला, बटण दाबलं आणि माझ्या कानाशी धरला.

आधी वारा. नुसता वारा.

मग वाऱ्यात एक माणूस.

"सरू... सरू, आयकू येतंय का? मी हितं खाली हाय... कड्याच्या खाली... सरू?"

माझ्या हातातला फुटका फोन थंडगार होता. बॅटरीची जागा रिकामी होती. मी ती परत परत बोटानं चाचपून बघत होते.

सरुबाईंनी फोन तोंडाशी नेला. "व्हय! आयकू येतंय मला! मी हाय, मी बोलतेय!"

पलीकडे नुसता वारा.

मग तोच आवाज, स्वतःशीच पुटपुटल्यासारखा.

"...लागंना वाटतं."

फोन कट. लगेच परत वाजला.

"आसं दर रविवारी," सरुबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे कोरडे होते. "त्येंचं मला आयकू येतं. माझं त्येंना जात न्हाई. मी वरडून वरडून मरते, पोरी, आन् त्ये म्हनतात लागंना."

मी सुरजला दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळं सांगितलं. म्हटलं, राखीव चॅनेल परत द्या.

"भूत रिचार्ज करतं का दर महिन्याला?" तो म्हणाला आणि ऑफिसभर हसला. "कुणीतरी सिम क्लोन केलंय. गावातली टगी पोरं असतील. पुढच्या रविवारी मीच येतो. दाखवतो तुला इंजिनिअरिंग काय असतं."

आला.

नवीन कोरी गाडी, गॉगल. धुक्यात गॉगल! सरुबाईंच्या ओट्यावर तो बूट घालूनच चढला. दत्तोबा माझ्याबरोबर आले होते, ते खाली अंगणातच उभे राहिले.

फोन वाजला.

सरुबाईंचा हात जायच्या आत सुरजनं तो हिसकावून घेतला. आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"हॅलो! कोण बोलतंय रे? काय मस्करी लावलीय?"

वारा थांबला.

फोनमधला. आणि... बाहेरचाही. अंगणातल्या केळीची पानं हलायची बंद झाली.

"साहेब," फोनमधून आवाज आला. अगदी स्वच्छ, शेजारी उभं राहून बोलल्यासारखा. "लागला बगा फोन. साहेब, हात द्या."

सरुबाई एवढे रविवार घसा फोडत होत्या, ते त्याला गेलं नाही. सुरजचं गेलं.

सुरजचा चेहरा मी बघितला. त्याला हसायचं होतं. ओठ हललेही. पण तोंडातून निघालं भलतंच.

"कु... कुठे आहात?"

"हितंच. खाली. जरा पुढं या की."

सुरज ओट्यावरून उतरला. फोन कानाला. अंगणातून निघाला आणि धुक्यात शिरला. मी हाका मारत होते, "सर! सर, तिकडे कडा आहे!" त्यानं मागे बघितलं नाही. तो फोनला नुसता "हो... हो... आलो" म्हणत होता. इतक्या नम्रपणे बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. वरिष्ठांशीसुद्धा नाही.

आम्ही तिघं धावलो.

तो कड्यावर पालथा पडला होता. उजवा हात खांद्यापर्यंत कड्याखाली लोंबत होता. फोन बाजूला गवतात. आणि सुरज... सरकत होता. ओल्या गवतावरून, पुढे, हळूहळू. जड ओझं धरल्यासारखा त्याचा खांदा ताणला गेला होता.

"सुटत नाहीये!" तो किंचाळला. "अनघा, हात सुटत नाहीये!"

मी आणि दत्तोबांनी त्याचे पाय धरले. ओढलं. तो इंचभरही मागे आला नाही. उलट आम्हीच घसरायला लागलो.

मी कड्याखाली वाकून बघितलं नाही. कारण विचारू नका.

सरुबाईंनी गवतातला फोन उचलला. "अवं, सोडा त्येंला!" त्या ओरडल्या. "सोडा! मी सांगतेय!"

"साहेब, जोर लावा," फोनमधला आवाज म्हणाला. शांतपणे. तिचं त्याला ऐकूच जात नव्हतं.

तेव्हा मला कळलं काय करायचं ते.

दत्तोबांना म्हटलं, "आबा, सोडू नका," आणि टॉवरकडे पळाले. लॅपटॉप पाठीवर होता. पेटी उघडली, केबल खोचली. बोटं चिखलानं माखलेली, एकेक बटण दोन-दोनदा दाबावं लागत होतं. सुरजची सेटिंग उघडली. राखीव चॅनेल... बोलण्यासाठी. डेटानं उठायचं... होय. आधीचा नियम, शब्दशः. सेव्ह केलं.

धुक्यात मला उतारावरचं काही दिसत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं. सुरजचं रडणं. दत्तोबांचा धाप लागलेला श्वास.

मग तेही थांबलं.

आणि सरुबाईंचा आवाज आला. ओरडणं नाही. साधं, फोनवर बोलतो तसं.

"व्हय... मीच हाय."

...

"आयकू येतंय मला. तुमाला येतंय का?"

...

"रडू नका. आधी त्येंला सोडा. अवं, परका मानूस हाय त्यो... व्हय. सोडा."

धप्प असा आवाज झाला. दोन माणसं मागे पडल्यासारखा.

मी परत आले तेव्हा सुरज आणि दत्तोबा गवतात एकमेकांवर पडले होते. सुरजच्या मनगटावर काळीनिळी बोटं उमटली होती. चार आणि एक अंगठा. सरुबाई फोन कानाला लावून सावकाश घराकडे चालल्या होत्या. माझ्या शेजारून गेल्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"न्हाई," त्या सांगत होत्या, "जेवले न्हाई अजून. म्हस गाभन हाय, तिचं बगायचं व्हतं..."

धुक्यात मागे कुठेतरी गाणी परत सुरू झाली.

सुरजनं रिपोर्टात लिहिलं, 'सॉफ्टवेअरमधला तात्पुरता दोष.' मनगटाचं डॉक्टरला सांगितलं, दगडाखाली सापडलं. आता तो कुठलाही फोन कानाला लावत नाही. बायकोशीसुद्धा मेसेजवरच बोलतो, असं ऑफिसात ऐकलं. ट्रॉफी अजून त्याच्या टेबलावर आहे. मेल्याला ती आत ठेवण्याइतकीही लाज नाही.

कुरवंड्याचा डेटा आता रविवारी थोडा हळू चालतो. कंपनीला तक्रारी येतात. येऊ देत.

सरुबाईंकडे मी नंतर गेले होते. विचारलं, "अजून येतो का फोन?"

त्यांनी चहा पुढे केला. "ते आमचं दोगांचं हाय, पोरी," म्हणाल्या.

मी पुन्हा विचारलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिली नसती.

सुरजची ती सेटिंग फक्त कुरवंड्याला नव्हती. बक्षीस मिळालं म्हटल्यावर कंपनीनं मावळात जिथे जिथे गर्दी होते तिथे तिथे, गर्दीच्या वारी, ती उचलून लावली. मी काढायला सांगितली. 'विचार चालू आहे' असं उत्तर आलं.

गेल्या गुरुवारी, दुपारी, शिरगावच्या टॉवरचा डेटा गेला.

गुरुवारी तिथे साईबाबांच्या दर्शनाला बसच्या बस भरून लोक येतात. मी धावत गेले. स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत एकच नंबर. नंबर ओळखीचा नाही. पाटी नाही, नाव नाही. लावून बघितला... बंद.

मग माझाच फोन वाजला, त्याच नंबरवरून.

म्हातारी बाई होती. खूप दमलेली.

"बाळा... मी देवळाच्या मागच्या अंगाला बसलेय. लय येळ झाला. तुमी समदी गाडीत बसला का? मला न्यायला येतंय ना कुनी?"

"मावशी, मी येतेय! कुठे बसलाय?" मी ओरडले.

तिला ऐकू गेलं नाही.

देवळाच्या मागे मी सगळीकडे शोधलं. कुंपण, झाडी, गटाराच्या कडेची दलदल. कुणी नव्हतं. प्रसादाच्या दुकानात विचारलं, चौकीत विचारलं. तिथून कुणी म्हातारी हरवल्याची तक्रारच नाही.

कशी असेल? तक्रार द्यायला आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं, की आपण तिला मागे विसरून आलोय.

उद्या परत गुरुवार आहे.